कॅप्टनकाकांचं अर्धं मिनिट

कार्यक्रम पाच वाजता थेट प्रसारित होणार होता आणि चार वीस झाले तरी चिमणीच्या हाती काही म्हणजे काही लागलं नव्हतं.

कार्यक्रम कॅप्टनकाकांच्या आठवणींचा. कॅप्टन ते कधीच नव्हते. लढाईत साधे शिपाई होते, पण या वाहिनीवर एकतीस वर्षं त्यांनी आवाजाचं काम असं सांभाळलं की बढती लोकांनीच देऊन टाकली. परक्या देशातून एक पिशवी आणि मोडलेलं नाक घेऊन ते इथे आले. इथली भाषा शिकले ती स्टुडिओत, म्हणून त्यांच्या म्हणीही स्टुडिओच्याच. निवेदक माइकला दोष द्यायला लागला की म्हणायचे, बोलता येईना, माइक वाकडा. चिमणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं, कारण पहिल्या दिवशी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आता त्यांच्या खुर्चीत तीच बसत होती, आणि गेल्या आठवड्यात काकूंना नको ते वचन देऊन बसली होती.

काकू म्हणाल्या होत्या, "चेहरा फोटोत रोज दिसतो गं. आवाज मात्र पुसट होत चाललाय. तुमच्याकडे असेल ना? एकदा ऐकव."

चिमणीने लगेच हो म्हटलं. जन्मभर आवाज टिपणाऱ्या माणसाचाच आवाज नसेल, असं कुणाच्या मनात तरी येईल का?

पण तो नव्हता. काकांची एक रीत होती. चित्रीकरण संपलं की ते सगळ्यांना जागच्या जागी थांबवत आणि अर्धं मिनिट नुसती खोली टिपून घेत. लढाईत कान लावून पहारा केलेला माणूस तो. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते आणि संवादांमधल्या फटी त्याच खोलीच्या शांततेने बुजवायच्या, हे त्यांचं ठाम मत. टिपायच्या आधी ते म्हणत, हलू नका, बोलू नका. त्यांचा आवाज टेपवर यायचा तो एवढाच. आणि जुन्या टेपा संगणकावर चढवताना ते शब्द चिमणीनेच एकूण एक ठिकाणचे कापले होते. आपला आवाज आला म्हणजे आपलं काम बिघडलं, हे काकांनीच तिला शिकवलेलं. गुणी शिष्येने गुरूला मुळासकट छाटलं होतं, आणि टेपा तर कधीच मोडीत गेल्या होत्या.

काकू येऊन बसल्यासुद्धा. निळा स्वेटर, मांडीवर हात, नजर स्पीकरवर. निर्मात्याने दारातूनच विचारलं, आवाज तयार ना? चिमणी म्हणाली, तयार. आपण किती सहज खोटं बोललो याची तिला लाज वाटली, पण लाजायलाही वेळ नव्हता.

एखादा शब्द तरी अर्धवट कापला गेला असेल या आशेने ती हेडफोन लावून एकामागून एक शांतता ऐकत सुटली. पंख्याची घरघर, दिव्यांची गुणगुण, बस्स. काही निसटू नये म्हणून तिने बारीक आवाज गाळणारा नेहमीचा फिल्टरही काढला. तेव्हा कानात एक बारीक शिट्टी वाजली. थोडं थांबून पुन्हा वाजली.

मोडलेल्या नाकाची शिट्टी ती. काका माइकजवळ उभे राहिले की प्रत्येक श्वासाच्या शेवटी वाजायची. निवेदक चेष्टा करत, किटली उतरवा कुणीतरी. ती ऐकू येऊ नये म्हणून तर चिमणीने तो फिल्टर बसवला होता.

पाच वाजून बारा मिनिटांनी निवेदिका म्हणाली की आता काकांचा आवाज ऐकू या. शब्द नाहीत, नुसता श्वास आहे, हे चिमणीने निर्मात्याला कानातल्या यंत्रावर सांगून टाकलं. तो भडकलाच. म्हणाला, "दहा सेकंद आवाज नाही आला तर प्रक्षेपणाचं यंत्र आपोआप कार्यक्रम तोडून जाहिरात लावतं, माहीत आहे ना तुला? बाईंच्या तोंडावर साबणाची जाहिरात लागली तर उद्या येऊ नकोस."

"लावते मी," चिमणी म्हणाली, आणि तिने आवाजाची पट्टी शेवटपर्यंत वर ढकलली.

प्रक्षेपणाच्या यंत्रावर शांततेचे सेकंद चढू लागले. एक, दोन, तीन, चार. शिट्टी वाजली आणि आकडा शून्यावर आला. पुन्हा एक, दोन, तीन, चार. पुन्हा शून्य. काकांचा श्वास यंत्रालाही मान्य होता. काकू मात्र तशाच बसल्या होत्या, चेहऱ्यावर काही नाही. त्या अजून शब्दांची वाट बघत होत्या, आणि शब्द येणारच नव्हते.

पाच. सहा. सात. या वेळी शिट्टी आली नाही. टिपताना तेव्हा कुणीतरी हललं असणार. काका चिडले की श्वास रोखून धरत. आठ. निर्माता कानात ओरडत होता. नऊ.

मग शिट्टी आली, लांब आणि वैतागलेली.

काकूंची मान एकदम कलली. डोळे मिटून, हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवून, सगळ्या प्रेक्षकांदेखत त्या घरात रात्री बोलावं तशा हळूच म्हणाल्या, "अहो, कुशीवर वळा ना."

चिमणीच्या डोळ्यांना धार लागली. अर्धं मिनिट संपत आलं होतं आणि काकूंचा हात अजून त्या खुर्चीवरच होता. चिमणीने डोळे पुसले नाहीत. तिने दुसऱ्या खोलीची शांतता लावली, तिच्यामागे तिसरीची. तिच्याकडे अशा अकराशे होत्या.