पोटावरचा काळा लेप

मी एक जुनी गाडी आहे. जुनी म्हटलं की लोकांना खडखडणारं डबडं आठवतं, म्हणून आधीच सांगून टाकते, मित्रांनो: मला घाटातल्या वळणांसाठी बांधलंय. दोन दारं, सहा गिअर आणि तिसऱ्या गिअरला छाती भरून येईल असं इंजिन. आणि गेल्या आठवड्यातला माझा सर्वांत लांबचा प्रवास कोणता? घर ते बेकरी! चार किलोमीटर! चिडू नको तर काय करू?

माझे पहिले मालक कुरामोची सान; 'सान' म्हणजे आपलं 'राव'. जपानात नीगाताच्या बाजूला ते दारंखिडक्या करणारे सुतार होते. आठवडाभर मी झाकलेली असे आणि रविवारी सकाळी घाटात. तिकडे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडीचा पत्रा खालून खातं. म्हणून दर नोव्हेंबरात कुरामोची सान चटई टाकून माझ्याखाली शिरायचे आणि ब्रशने माझ्या पोटाला काळा लेप लावायचे. बावीस वर्षं, एकदाही चुकले नाहीत. "पोट सांभाळ हं," म्हणायचे.

मग त्यांना लेकीकडे शहरात राहायला जावं लागलं. तिथे गाडी लावायला जागा नव्हती, आणि जागा दाखवल्याशिवाय त्या देशात गाडी ठेवता येत नाही. मार्च महिना होता, बर्फ वितळत आला होता, लेपाची काही गरज नव्हती. तरी मला लिलावाला धाडायच्या आदल्या दिवशी त्यांनी नवा डबा फोडला. "कुठे जाशील कोण जाणे. मीठ सगळीकडेच असतं," एवढंच म्हणाले. मला तेव्हा फार भरून आलं. हाच लेप पुढे माझ्या मुळावर येणार होता, हे कुठे ठाऊक होतं?

मला घेतलं न्यूझीलंडमधल्या तिमारूच्या मर्व्ह गिलख्रिस्टने. जन्मभर मेंढ्या कातरायची यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. माझ्यासारखी गाडी त्याला तीस वर्षांपासून हवी होती, आणि तीस वर्षं तो मेंढ्यांच्या वासाची पिकअप चालवत होता. आता त्याच्या नजरेचा मधला भाग विरत चालला होता. सव्वीस मेला त्याला पंचाहत्तर पूर्ण होणार होती, आणि तिथे पंचाहत्तरीला डॉक्टरने डोळे तपासून होकार दिला तरच परवाना पुढे चालतो. त्याआधी एकदा, फक्त एकदा, त्याला मला लिंडिसच्या खिंडीतून स्वतः चालवत न्यायचं होतं.

"या वयात लोक गुडघा बदलतात, मर्व्ह! तू गाडी बदलतोयस!" त्याची बायको नोलीन कडाडली होती म्हणे.

"गुडघा काय तिसऱ्या गिअरला पळतो का?"

हे मला मर्व्हनेच मागाहून सांगितलं. तो गाडीशी बोलतो.

एप्रिलच्या मध्यावर मी लिटलटन बंदरात उतरले. वेळ भरपूर होता. तपासनीस टॉर्च घेऊन खाली वाकला आणि थबकला. ताजा काळा लेप! ताजा लेप म्हणजे खाली गंज दडवलाय, असंच ते लोक समजतात. त्यांनाही काय बोलणार, कित्येकांनी त्यांना तसं फसवलेलं असतं. त्याने कागदावर लाल शिक्का मारला: सगळा लेप काढा, पत्रा दाखवा, मगच रस्त्यावर.

मर्व्हने फोनवर फोन केले. "अहो साहेब, सव्वीसला माझा वाढदिवस आहे हो!"

"आगाऊ शुभेच्छा," पलीकडचा म्हणाला, "पण लेप काढावाच लागेल."

पाच आठवडे! त्यांतले चार नुसते गॅरेजच्या रांगेत. माझ्यापुढे चेपलेल्या व्हॅन, बुडून निघालेल्या मोटारी, आणि मी धडधाकट असून त्यांच्यामागे धूळ खात उभी. ओरडावंसं वाटे, पण हॉर्न दाबायलाही माणूस लागतो. पाचव्या आठवड्यात शोना नावाच्या कारागीर बाईने मला उचलून धरलं आणि पातं घेऊन खरवडायला लागली. बावीस नोव्हेंबरांचे थर चार दिवसांत जमिनीवर पडले.

"अगं बाई!" शेवटी ती म्हणाली. "हिच्या पोटावर तर गंजाचा ठिपकासुद्धा नाही! कशाला मग एवढा खटाटोप?"

कशाला, ते मलाही सांगा कुणीतरी!

चोवीस मेला मर्व्हच्या डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. तीस मेला मी ट्रकवरून तिमारूत उतरले. मर्व्हने माझ्या टपावरून, दारावरून, चाकांच्या कडांवरून दोन्ही हात फिरवले. मग किल्ली त्याने नोलीनच्या हातात ठेवली.

नोलीनने जन्मात गिअरची गाडी चालवली नव्हती. पहिल्या दिवशी मी सात वेळा बंद पडले. मी! शेजारी मर्व्ह कान लावून बसलेला.

"आता दुसरा. ऐकतेस ना, ती मागतेय."

"तू डोळे मिटून गप्प बस!"

"मिटले काय न् उघडले काय, मला सारखंच!"

यावर नोलीनने मला बेकरीकडे वळवलं. तेव्हापासून बेकरी. पाव घ्यायचा, घरी यायचं. तिसरा गिअर नाहीच.

जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, गारठा वाढला, समुद्रावरून खारं वारं सुटलं आणि माझं पोट उघडं. मर्व्हने मला टेकूंवर चढवलं आणि डबा न् ब्रश घेऊन खाली शिरला. दिसत नव्हतंच, बोटांनी चाचपत लेप लावत होता. नोलीन उगाचच टॉर्च धरून उभी होती. मागच्या चाकाच्या वर, शोनाचं पातं न पोहोचलेल्या कोपऱ्यात त्याचं बोट थांबलं.

"नोलीन, इथे थोडा जुना लेप उरलाय. थरावर थर आहेत. आणि ब्रशचा एक केस अडकलाय." त्याने थरांवरून पुन्हा बोट फिरवलं. "हा कुणी हाताने लावलाय गं, वर्षानुवर्षं. त्याने काही लपवलं नव्हतं, तो हिला जपत होता."

नोलीनने नाक ओढलं. "रविवारी लिंडिसला जाऊ," ती म्हणाली. "पण सत्तरच्या वर जाणार नाही, आधीच सांगते."

आणि बाई खरोखरच सत्तरच्या वर गेली नाही! घरासारख्या अवजड गाड्या मला मागे टाकून गेल्या. लाजेने मेले. खिंडीच्या माथ्याजवळ सरळ चढ आला तेव्हा मर्व्ह हळूच म्हणाला, "आता." तिने दात आवळून वरच्या गिअरवरून खाली तिसरा टाकला आणि पाय दाबला. मी पळाले, मित्रांनो! दहाच श्वास असतील, पण पळाले. मर्व्हने समोर डॅशबोर्डवर तळवा टेकवला होता. मग तिने पाय उचलला आणि पुन्हा सत्तर.

त्याला मला चालवायचं होतं, ते राहिलंच. पाच आठवडे कुणी परत देत नाही. म्हणून एवढंच मागणं आहे: दुसऱ्याने जपलेली वस्तू तुमच्या हाती आली, तर खरवडण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवून बघा. आणि तेवढं बेकरीला पायी जात जा.