भुकेल्या डब्यातला विकर

मित्रांनो, मी एक जुना विकर आहे. बरेच लोक मला एन्झाइम म्हणतात. एका लाँड्रीत, फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात, मी पावडर होऊन राहत होतो.

कुळाने मी प्रथिन. सगळी प्रथिनं विकर नसतात, पण आम्ही विकर बहुतेक प्रथिनंच. एका मोठ्या टाकीत सूक्ष्म जिवाणूंनी मला घडवलं. अमिनो आम्लांची लांबलचक माळ, पण अशी दुमडलेली की अंगाला एक खाच पडावी. डागातलं प्रथिन त्या खाचेत बसलं, की मी त्याचे तुकडे करतो आणि पुढच्याकडे वळतो. एरवी रेंगाळणारं काम झटपट होतं आणि मी मात्र खर्ची पडत नाही. म्हणून मला उत्प्रेरक म्हणतात. उकळतं पाणी तेवढं नको. त्यात माझी घडीच मोडते.

लाँड्री दोन जावांची. थोरली आमच्या डब्याला ‘भुकेला’ म्हणायची, कारण आम्ही डाग खातो. पाण्यात कोपर बुडवून ती ऊब बघायची आणि आम्हाला सोडताना म्हणायची, “खा रे बाबांनो, पोटभर!” असं कौतुक कुणाच्या नशिबी असतं?

मग थोरली लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली, ती तिथलीच झाली. धाकटी फोनवर विचारायची, “कधी येताय?” उत्तर ठरलेलं, “येते गं, जरा सवड होऊ दे.” धाकटी साबणावरच भागवायची. डब्यावर धूळ साचली. धाकटीला काय नि मला काय, थोरलीवाचून करमत नव्हतं.

थंडी पडली तशी थोरलीने आपली लोकरी शाल मागवली. धाकटीने ती खुंटीवरून काढली आणि कितीतरी वेळ नाकाशी धरून ठेवली. पदरावर अंड्याच्या बलकाचा डाग होता. अशी मळकी शाल लेकीच्या घरी कशी पाठवायची? तिने डबा उघडला. कोमट पाणी तिच्या लक्षात होतं. भुकेल्याला फक्त सुती कपडे द्यायचे, हे ती साफ विसरली.

मी अधाशासारखा डागाला भिडलो. डाग संपला आणि पुढे लोकर लागली. लोकर म्हणजे प्रथिनच, माझी भावकी! पण मला थांबता येत नाही, मित्रांनो. समोर येईल ते मी कापत सुटतो. धाकटी तिकडे दिवसभर इस्त्रीत गुंतली होती. संध्याकाळी फोन वाजला.

“शाल पाठवलीस का गं?”

“भिजवलीय, जाऊबाई. भुकेल्यात.”

“अगं बाई! लोकर आहे ती! काढ आधी, गार पाण्यात खळबळून घे!”

धाकटीने धावत जाऊन शाल उपसली. एक कोपरा विरून जाळी झाला होता. फोनवर ती हुंदके देत म्हणाली, “तुमची एवढी एकच वस्तू होती हो माझ्यापाशी. तीही मी घालवली.”



“रडू नकोस,” थोरली म्हणाली. तिचाही आवाज ओला झाला होता. “आणि ती पाठवूही नकोस. रफू करायला उद्या मीच येते.”

धाकटीने बादली मोरीत ओतली. त्या पाण्याबरोबर मीही निघालो, होतो तसाच, धडधाकट. थोरली आलेली मला दिसणार नाही, तिची हाक ऐकू येणार नाही. डब्यात माझे भाऊ अजून आहेत. मित्रांनो, त्यांना कोमट पाणी द्या, लोकर आणि रेशीम त्यांच्यापासून दूर ठेवा. आणि थोरली आली, की तिला म्हणावं, एकदा डब्याचं झाकण उघड.