दुसऱ्यांदा विचारेपर्यंत

“व्हर्डिस, तुम्हाला काही सांगायचंय यावर?” प्राध्यापक रेनहोल्टनी विचारलं.

“नाही, नाही. गटातल्या मुलांनी सांगितलंच की सगळं,” असं म्हणून व्हर्डिस खुर्चीत पुढे सरकून बसली. आता ते पुन्हा विचारतील, आणि मग ती बोलेल.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मागे कुणाचा तरी हात वर झाला आणि चर्चा तिकडे वळली.

नवरा, आर्लेन, वारल्यावर घर खायला उठायचं, म्हणून तिने कॉलेजात एका विषयापुरतं नाव घातलं होतं. तिच्या गटाच्या वाट्याला आला होता म्हाताऱ्या माणसांचा एकटेपणा. गटातला ट्रेव्हर म्हणाला होता, “चला, आपल्याकडे जिवंत उदाहरणच आहे,” आणि सगळ्यांच्या आधी तीच हसली होती. कॅन्टीनमध्ये कामं वाटताना मकेनाने तिला विचारलं, तुम्ही बोलाल का थोडं? व्हर्डिस म्हणाली, छे गं, तुम्हीच बोला, मला काय येतंय. मकेनाने मान डोलावली आणि तिला स्लाइड पुढे सरकवायचं बटण दिलं.

मिनेसोटात, ती वाढली त्या गावात, पहिल्या विचारण्याला हो म्हणणारं माणूस हावरट ठरायचं. चर्चच्या तळघरात कॉफीची किटली घेऊन बायका फिरत. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा उगाच त्रास कशाला म्हणायचं, तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धाच कप’. मग वाढणारी कप काठोकाठ भरायची. आर्लेनने गोठलेल्या तळ्यावर लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा तिने दोनदा नाही म्हटलं होतं. तो थंडीने काकडत तिसऱ्यांदा विचारायला थांबला होता. “एवढा आग्रहच असेल तुझा, तर,” ती म्हणाली होती. पुढे चव्वेचाळीस वर्षं तो तसाच थांबत आला. काय झालं? काही नाही. अगं, काय झालं? तिसऱ्या खेपेला ती रडायची किंवा भांडायची, आणि रात्रीचं जेवण गोड लागायचं.

वर्ग सुटल्यावर आता ती वाचनालयात खिडकीशी बसली होती. सादरीकरण आणि चर्चेतून काय उमगलं ते प्रत्येकाने पानभर लिहायचं होतं. गटाच्या शेवटच्या स्लाइडवर होतं, की एकट्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी फोन करा. हा सल्ला वर्गाला फार पटला होता. तिला तिथेच सांगायचं होतं, की फोन येतात हो. लेक दर रविवारी फिनिक्सहून करतो, चर्चमधल्या बायका करतात. कशी आहेस? बरी आहे. मग ठीक, म्हणतात आणि ठेवतात. चुकतं ते एवढंच. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

पण हे तोंडाने सांगायचं होतं, माणसांसमोर. तिने कागदावर लिहिलं, ‘मुलांनी फार मेहनत घेतली. मी स्लाइड बदलल्या.’ बाकीचं पान कोरं राहिलं.

बाहेर मकेना गाडीपाशी भेटली. “सोडू का तुम्हाला? फार गार आहे.”

“हो,” व्हर्डिस म्हणाली. इतक्या पटकन, की तिचं तिलाच कसंसं झालं. मकेनाने पुढच्या सीटवरचे बूट मागे टाकले. वाटभर मकेना आपल्या आजच्या कामाच्या पाळीबद्दल सांगत राहिली. व्हर्डिस हूं हूं करत होती आणि मनात वाक्य जुळवत होती.

घर आलं. व्हर्डिस खाली उतरली.

“तुम्ही बऱ्या आहात ना?” मकेनाने आतून वाकून विचारलं. “आज गप्प होतात अगदी.”

“मी? मी बरी आहे गं.”

“नक्की?”

व्हर्डिसचा हात दारावरच राहिला. दोनदा विचारून झालं होतं. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मकेनाची नजर गाडीतल्या घड्याळाकडे गेली. नुसती गेली, लगेच परतही आली. पोरगी खरंच थांबली होती.

“नक्की,” व्हर्डिस म्हणाली. “जा तू, उशीर होईल.”

तिने दार लावलं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती बर्फात उभी राहिली, हात वर करून.