मधल्या खोलीला खिडकी हवी

घरांचे नकाशे काढणाऱ्या सायकालला त्या दिवशी खुर्चीत बसवत नव्हतं. टेबलावर नकाशा पसरलेला होता आणि इमारतीचा मालक कुबानिच दर अर्ध्या तासाने फोन करत होता, "झाली का सही? सोमवारी पाचव्या मजल्याच्या भिंती चढवायच्यात!"

किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकच्या दक्षिणेला उभ्या राहणाऱ्या या इमारतीत दर मजल्यावर सहा घरं बसवायची होती. सहा बसवायची, तर प्रत्येक घरातली मधली खोली बिनखिडकीची होणार. कोविडच्या साथीच्या आधी सायकालने अशीच एक इमारत बांधली होती. घरं हातोहात विकली गेली होती. मग आताच हात का अडत होता?

कारण सकाळी आलेली बुरुल. ती त्याच जुन्या इमारतीत राहायची, इस्पितळात परिचारिका होती. ही भांडायला आली असणार, असं सायकालला वाटलं. पण तिने शांतपणे विचारलं, "पोरी, मी ड्यूटीवरून आले की कपडे कुठे बदलायचे? नकाशात दाखव ना."

"एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सायकाल म्हणाली, "तेव्हा साथ येईल हे कुणाला ठाऊक होतं?"

"तेव्हा नव्हतं. आता आहे ना? संध्याकाळी चहाला ये."

सायकाल गेली. दार उघडलं की थेट बैठकीची खोली. साथीत चाळीस दिवस बुरुल जिन्यातच कपडे बदलत होती. मुलगी दाराच्या फटीतून धुतलेला झगा सरकवायची. हात धुवायला अख्खं घर ओलांडावं लागायचं.

"आपल्याकडे पाहुण्याच्या हातावर दारातच पाणी घालतात," बुरुल म्हणाली. "तू काय चंद्रावर वाढलीस? बरं, मधल्या खोलीत बस. चहा होईपर्यंत." आणि तिने बाहेरून दार ओढून घेतलं.

सायकाल बसली, उठली, पुन्हा बसली. बाहेर ऊन आहे की आभाळ भरलंय, काही कळेना. हवा जागची हलत नव्हती. दहा मिनिटंही काढवेनात. ही रेघ आपणच ओढली होती! तिने धाडकन दार उघडलं.

"एजे, इथे कोण राहिलं होतं?"

"माझी आई. सतरा दिवस. वाचली बिचारी. पण अजूनही दार लावलं की घाबरी होते."

चहा तसाच टाकून सायकाल कुबानिचकडे गेली.

"मजल्यामागे एक घर कमी? डोकं फिरलंय का तुझं?" तो ओरडला.

"खालचे चार मजले झाले, ते पाप माझ्या माथी. पण पाचव्यापासून पाचच घरं. प्रत्येक खोलीला खिडकी, वारा आरपार, दाराशी हात धुवायची सोय. नाहीतर सही दुसऱ्या कुणाची घ्या!"

"घेईन! तुझ्यावाचून अडलंय का?"

"बायके," थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणत तिने विचारलं, "साथीत तुमचे वडील कुठे होते?"

कुबानिच म्हणाला, "गावी. अंगणात खाट टाकून. इथे आणलं होतं, पण तिसऱ्या दिवशी म्हणाले, जीव गुदमरतो."

सायकाल सही न करताच निघाली. दोन दिवस ती फोनची वाट बघत राहिली. रविवारी कुबानिचचा फोन आला, "पाच तर पाच. पण उशीर झाला तो तुझ्यामुळे, ध्यानात ठेव!"

मंडळी, घर घेताना आपण खोल्या मोजतो, फरशी निरखतो. एकदा हेही विचारा: घरात कुणी आजारी पडलं, तर त्याला ठेवायचं कुठे? तिथून त्याला आभाळ दिसेल का? साथ ओसरली, पण भिंती पन्नास वर्षं तिथेच राहणार आहेत. आपणच विचारलं नाही, तर बांधणारा कशाला सांगेल!