पातळ पडदा

नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदानाचा पडदा शिवायचं काम शिवणवालीकडे आलं आणि तिच्या गळ्याला फास लागला. मतदान होणार होतं कारखान्याच्या जेवणघरात. कारखान्याचा मालक स्वतःच उमेदवार, समोर दवाखान्यातल्या नर्सबाई. बळी तो कान पिळी, दुसरं काय!

मॅनेजरने कापडही स्वतःच आणून दिलं. पांढरं, कांद्याच्या सालीसारखं पातळ. तिने ते खिडकीशी धरून मागे हात नेला, तर बोटं मोजता आली.

"साहेब, यातून सगळं दिसेल."

"हवा खेळती राहते," मॅनेजर हसला. "मागे दिवाही लावणार आहोत. आणि बाई, तुझा नवरा आमच्याकडेच फिटर आहे ना? मग उगाच चर्चा नको."

हातावर पोट असलेल्या माणसाला याहून उघड धमकी लागत नाही. तिने पडदा शिवला. टाके मात्र एवढे घट्ट घातले, जणू टाक्यांनीच आतलं झाकलं जाणार होतं. वेडी कुठली!

नवऱ्याला सांगावं, तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज सांगितलं की उद्या कारखानाभर बोभाटा, परवा हा घरी. संध्याकाळी मुलगी नागरिकशास्त्र घोकत बसली होती, "मतदान गुप्त असते, मतदान गुप्त असते." तिने सहज विचारल्यासारखं केलं, "अहो, तुम्ही मत कुणाला देणार?"

"मालकालाच! खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

तिचा जीव भांड्यात पडला. मग सांगायचं तरी कशाला?

मतदानाच्या दिवशी नवऱ्याने घाई करून रांगेत पहिला नंबर लावला, दुसरा तिचा. प्रत्येकाला पत्र्याची एक चकती मिळायची. पडद्याआड दोन पेट्या होत्या, उजवी मालकाची, डावी नर्सबाईंची. मतदान अधिकारी कागदात डोकं खुपसून बसला होता आणि मॅनेजर बरोबर पडद्यासमोर.

चकती हातात येताच नवरा तिच्या कानाशी वाकला. "घरी खोटंच बोललो गं. पोरगी बाहेर बडबडली असती. आत मी राजा! तू शिवलेल्या पडद्याआड कोण बघतंय?"

तिने त्याची बाही धरली. मॅनेजरने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिची बोटं आपोआप सुटली, आणि तो आत गेला.

पडद्यावर त्याची सावली उभी राहिली. नाक, खांदे, सगळं कसं स्वच्छ. हात डावीकडे गेला आणि चकती खणकन वाजली. मासा गळाला लागल्यासारखा मॅनेजर खुशीत खुर्चीला टेकला. तिला तिथेच ओरडावंसं वाटलं, पण आता ओरडून काय उपयोग?

नवरा छाती काढून बाहेर आला आणि तिच्यासाठी थांबला.

ती आत शिरली. पाठीमागून सगळे बघताहेत हे तिला ठाऊक होतं. एकाची रोजी तर गेलीच, दोघांची घालवून पोरीला काय खायला घालू? तिने चकती उजव्या पेटीत टाकली. स्वतःची एवढी किळस तिला कधीच आली नव्हती.

ती बाहेर आली. रांगेतली माणसं खाली बघत होती. नवरा मात्र पडद्याकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. त्याने विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

मॅनेजरने हाक दिली, "चला, पुढचा कोण?"

रांगेतलं कुणीच हललं नाही.