परतणीची कॅसेट

कौशल्याबाईंचं पत्र आलं ते दोन हजार एकच्या फेब्रुवारीत. अण्णाजींनी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि घरातल्या जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. त्या गठ्ठ्याला घरात कोणी हात लावत नसे. उद्या उत्तर लिहू असं ते स्वतःशी म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही.

पत्र असं होतं :

“अण्णाजी मास्तरांना रोहण्याच्या कौशल्याबाईचा नमस्कार. पत्र शेजारची रक्षा लिहून राह्यली, सांगून मी राह्यली. सव्वीस जानेवारीले शाळेत माह्या आदेशची फिल्म दाखवली. त्यात तुमचं नाव होतं, म्हणून तुमाले विचारते. शेवटी आदेश खाली पळताना दिसते. बाकी सारे वर तोंड करून, हा एकटा खाली. पोट्टे म्हणतेत, पाठ दाखवली. सुट्टीवर आला तेव्हा पारावर कोणी तरी बोललं. तो जेवला आन् दुसऱ्या दिवशी निघून गेला. मी त्याले काही विचारलं नाई. विचारलं म्हणजे मायलेच शंका आहे असं होते. मास्तर, तो पळाला असंन तरी मले सांगा. मी काही मरत नाई त्यानं. पण खरं काय ते माहीत असलं म्हणजे त्याले घरी बलावता येते.”

अण्णाजी नाचणगावच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. निवृत्तीनंतर गावचं वाचनालय सांभाळत. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ते मागच्या रांगेत सरकत. पुस्तकं देता-घेताना एखादं वाक्य बोलत, तेही पुस्तकाकडे पाहून. अशा माणसाचं नाव लढाईच्या फिल्ममध्ये आलं ते प्रफुलमुळे.

प्रफुल त्यांचा विद्यार्थी. पुलगावपासून आर्वीपर्यंत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. नव्याण्णवच्या लढाईत मुंबईच्या माहितीपटवाल्यांबरोबर तो मदतनीस म्हणून गेला आणि हातात जादाचा कॅमेरा मिळाला म्हणून त्यानंही चित्रण केलं. योगायोगानं तिथल्या तुकडीत आपल्याच जिल्ह्यातला, रोहण्याचा जवान आदेश भेटला. परत आल्यावर मुंबईवाल्यांच्या परवानगीनं प्रफुलनं आपल्या चित्रणाची अर्ध्या तासाची फिल्म जुळवली आणि ती घेऊन तो अण्णाजींकडे आला.

“गुरुजी, याले निवेदन लिहून द्या. तुमची भाषा चांगली आहे.”

अण्णाजींनी पंधरा दिवस घेतले. पहिल्या खर्ड्यात शौर्य, रणभूमी, मातृभूमी असे शब्द आले. वाचून पाहिल्यावर त्यांना वाटलं, हे तर पंधरा ऑगस्टचं भाषण झालं. दुसऱ्या खर्ड्यात त्यांनी लिहिलं की लढाईत शेवटी कोणी जिंकत नाही. तेही वाचलं आणि लाज वाटली. ज्यानं उभ्या आयुष्यात साधी मारामारी जवळून पाहिली नाही, त्यानं बर्फात उभ्या असलेल्या पोरांना हे सांगायचं? तिसरा खर्डा चार ओळींत अडला. शेवटी प्रफुलला बोलावून ते म्हणाले, “बाबू, नुसतं दाखव. जे आहे ते. बाजू घेणारे आपण कोण? पाहणारे पाहतील आणि ठरवतील.”

प्रफुलला ते फार पटलं. त्यानं निवेदन टाकलंच नाही. वारा, गोळ्यांचे आवाज, माणसांचं हाका मारणं, एवढंच ठेवलं. आणि शेवटी पाटीवर लिहिलं : सल्ला, अण्णाजी मास्तर, नाचणगाव.

मग प्रफुल कामासाठी मुंबईला गेला आणि कॅसेट रोहण्याला पोचली. झेंडावंदनानंतर सातवीच्या वर्गात खिडक्यांना ताडपत्री लावून ती दाखवली गेली. अण्णाजींना पहिल्या बाकावर बसवलं होतं. लोक गप्प होऊन पाहत होते आणि अण्णाजींना मनातल्या मनात बरं वाटत होतं. आपल्या संयमाचंच हे यश, असं त्यांना वाटलं. शेवटच्या चित्रात सगळे जवान दगडांआड वर तोंड करून पडलेले, आणि आदेश एकटा उठतो आणि उतारावरून खाली धावत जातो. त्याची पाठ लहान लहान होत जाते. तिथं फिल्म संपली. ताडपत्री काढली, उजेड झाला, आणि मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं, “हा कुठी चालला बे?” कोणी तरी हसलं. अण्णाजींनी मान वळवली नाही.

त्या एका हसण्याचं पुढं काय झालं ते पत्रानं सांगितलं. आणि अण्णाजींना उत्तर लिहिता आलं नाही, कारण त्यांना उत्तर माहीत नव्हतं. प्रफुलला विचारता आलं असतं. मुंबईचा पत्ता होता, शेजारी फोनही होता. पण प्रफुल ‘हो’ म्हणाला तर? तर ते त्या माउलीला कोणत्या शब्दांत लिहायचं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. असे महिने गेले. आर्वीच्या गाडीत रोहण्याचं कोणी चढलं की अण्णाजी पेपर तोंडासमोर धरत आणि कान तिकडे लावत. एकदा ऐकलं की आदेश आता सुट्टीत गावी येत नाही. अल्लीपूरला मामाकडे उतरतो, आणि माय त्याला भेटायला तिकडे जाते. त्या दिवशी अण्णाजी उतरायचं विसरून पुढच्या थांब्यापर्यंत गेले.

दोन हजार तीनच्या दिवाळीत अण्णाजींच्या पत्नी सुलोचनाबाईंनी घर आवरायला काढलं आणि पंचांगांचा गठ्ठा रद्दीत घालायला खाली ओढला. पत्र त्यांच्या पायाशी पडलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि अंगणात येऊन नवऱ्यासमोर धरलं.

“हे काय जी?”

अण्णाजी चष्मा पुसू लागले.

“पावणेतीन वर्षं झाली याले. काय लिहिलं तुमी तिले?”

“लिहिणार होतो.”

“पंचांग पाहून राह्यले होते का, मुहूर्त कधी आहे म्हणून?” सुलोचनाबाई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. “माय आहे ती. तिनं सरळ विचारलं न. पळाला तं पळाला लिहा. नाई तं नाई लिहा.”

“मला माहीतच नाही, पळाला की नाही.”

“मग ज्याले माहीत आहे त्याले विचारा. प्रफुल कालपासून घरी आला आहे. त्याची माय फराळाचं देऊन गेली.”

अण्णाजी चप्पल घालून निघाले, वाटेत दोनदा थांबले, एकदा परतही फिरले. पण दारात सुलोचनाबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. अण्णाजी पुन्हा निघाले.

प्रफुल जुन्या टेपांचा खोका उघडून बसला होता. लग्नांच्या टेपा सीडीवर उतरवून देत होता. अण्णाजींनी पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं वाचलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

“पळाला?” तो म्हणाला. “आदेश?”

“पळाला नाही का?”

“गुरुजी, तो पाणी आणाले गेलता.”

अण्णाजी खुर्ची ओढून बसले.

“खाली नाला होता. वरच्या पोरांचं पाणी संपलं. हा दिवसातून तीन-तीन खेपा करे.” प्रफुल खोक्यात हात घालून टेपा उलथ्यापालथ्या करू लागला. “तो परत आला ते बी आहे माह्यापाशी. कापलं होतं ते मी.”

“का कापलं?”

प्रफुलचा हात थांबला. “आता काय सांगू तुमाले. मी लग्नवाला माणूस. कॅसेट बिदाईवर संपवायची, हे हातालेच बसलं आहे. नवरी पाठमोरी जाते, गाडी लहान लहान होते, लोक डोळे पुसतेत, की संपली कॅसेट. चार दिवसांनी ते पोरगी मांडवपरतणीले हसत माहेरी येते, ते कोण शूट करते? परतणीची कॅसेट आजवर कोणी मागितली नाई मले. इथं बी तसंच केलं. पाठ चांगली दिसत होती.”

टेप सापडली. प्रफुलनं ती लावली आणि पुढं सरकवली. तोच उतार, तीच पाठ, लहान होत होत दिसेनाशी झालेली. मग नुसतेच दगड. अण्णाजी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. नऊ मिनिटं गेली. खालून एक टोपी वर आली, मग खांदे, मग पाठीवर आणि हातात पाण्याचे कॅन घेतलेला आदेश, तोंड उघडं टाकून श्वास घेत. कॅमेऱ्यापाशी येऊन तो म्हणाला, अगदी रोहण्याच्या पारावर बसल्यासारखा, “शूटिंग काय करून राह्यला बे? एक कॅन पकड न!”

चित्र हललं, वाकडं झालं आणि जमिनीवर टेकलं. त्यानंतर फक्त आडवे दगड आणि दोन जोडी बूट वर जाताना दिसले.

“तुझे बूट?” अण्णाजींनी विचारलं.

“हो जी. कॅमेरा खाली ठेवला न मी. म्हणून तर खराब झाला शॉट. कोणी पाहिलं असतं तं हसलं असतं.”

अण्णाजी हसले. किती तरी दिवसांनी त्यांना असं हसू आलं होतं, आणि ते थांबेना. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. नऊ मिनिटं. पावणेतीन वर्षं ते ज्याला घाबरले, ते सगळं नऊ मिनिटांत संपलं होतं.

“नुसतं दाखव, मीच सांगितलं होतं तुला,” ते म्हणाले. “मला वाटलं, आपण बाजू घेतली नाही. पण मी फक्त बोलायला भीत होतो रे. एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं, की हा पाण्याला जातो आहे.”

“आन् मी नऊ मिनिटं ठेवाले पाहिजे होती,” प्रफुल म्हणाला. “चला, गाडी काढतो. घंट्याभरात रोहण्याले जाऊन सांगून येऊ.”

अण्णाजी उठले, आणि पुन्हा बसले. “तू सीडी घेऊन तेरवा जा. आधी माझं पत्र पोचू दे. तिनं लिहून विचारलं, तर लिहूनच सांगायला पाहिजे. पारावरच्या लोकांना दाखवायला तिच्या हातात कागद असला पाहिजे.”

त्या दुपारी त्यांनी पत्र लिहायला घेतलं. पहिल्या कागदावर क्षमा मागण्यातच दोन पानं गेली. सुलोचनाबाई चकल्या तळता तळता म्हणाल्या, “तिले तुमची माफी नाई पाह्यजे, पोराचं सांगा.” मग अण्णाजींनी दुसरा कागद घेतला आणि लिहिलं :

“कौशल्याबाईंना नमस्कार. आदेश पळाला नाही. तो पाणी आणायला खाली गेला होता आणि नऊ मिनिटांनी पाणी घेऊन वर आला. ते चित्रण आज मी स्वतः पाहिलं. हे पत्र पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रफुल ते घेऊन तुमच्याकडे येईल, ते शाळेत सगळ्यांसमोर लावा, मीही येईन आणि उभा राहून सांगेन. लढाई चांगली की वाईट, हे मला अजूनही लिहिता येत नाही. पण फिल्ममध्ये काही बोलू नये हा सल्ला माझा होता, आणि तो चुकला. उत्तराला उशीर झाला तोही माझ्यामुळे. आदेशला घरी बोलवा.”

‘उभा राहून सांगेन’ हे शब्द खोडावेत असं त्यांना दोनदा वाटलं. त्यांनी पाकीट चिकटवून टाकलं.

सकाळी ते पोस्टासमोरच्या लाल पेटीपाशी गेले. पाकीट फटीत अर्धं घातलं आणि पत्ता पुन्हा वाचला. पिशवी घेऊन आलेला पोस्टमन प्रेमदास मागं थांबला होता.

“मास्तर, सोडता का मीच आत ढकलू?”

अण्णाजींनी बोटं उघडली. पाकीट आत गेलं. ते तसेच पेटीपाशी उभे राहिले.

“परत पाह्यजे का?” प्रेमदासनं विचारलं.

“नाही,” अण्णाजी म्हणाले. “पोचतं कधी?”

“अकराच्या गाडीनं निघते. उद्या रोहण्यात.”