कोकराची जखम मी बुजवली

मी बिरदेव पेंटरचा आठ नंबरचा ब्रश बोलतोय, आणि मान खाली घालून बोलतोय. ब्रशाला कसली आलीय मान, असं म्हणू नका. केस जिथे दांड्याला मिळतात तिथे पत्र्याची पट्टी असते, तीच आमची मान. आज ती शरमेनं वर होत नाही.

सांगलीच्या एका दुकानात मी काचेच्या बरणीत उभा होतो. बिरदेवनं दहा ब्रश अंगठ्यावर फिरवून पाहिले आणि मला उचललं. त्याच्या हातात मी कडेगावभर मिरवलो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागच्या फाळक्यांवर नावं लिहिली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले आणि आम्हा दोघांची चलती संपली. चार वर्षं मी खिळ्यांच्या डब्यात पडून होतो.

यंदा ईस्टरच्या आदल्या आठवड्यात कोरेगावकडच्या एका लहानशा चर्चमधून बोलावणं आलं. तिथली झाडलोट, दिवाबत्ती बघणाऱ्या एस्तेरबाईंनी आम्हांला वेदीमागची जुनी लाकडी फळी दाखवली. तिच्यावर एक पांढरं कोकरू उभं होतं. डोक्याभोवती सोनेरी वलय, शेजारी झेंडा. छातीवर जखम, आणि जखमेतली रक्ताची धार खालच्या पेल्यात पडत होती. रंगाचे पोपडे निघाले होते.

"जसं हाय तसंच उजळायचं, बरं का," एवढं सांगून बाई गेल्या.

बिरदेव धनगराच्या घरातला. त्याची आई रंगुबाई जन्मभर मेंढरांमागे हिंडली. कोकराला काटा लागला तर आधी त्याला हळद, मग स्वतःला भाकरी. असल्या घरातला माणूस त्या फळीसमोर मांडी घालून बसला आणि चुळबुळायला लागला. वलय त्याला पटलं; देवाचं म्हटल्यावर असायचंच. झेंडाही पटला, जत्रेत पहिलं आलं असेल. जखम मात्र काही केल्या पटेना.

"रगात चाललंय आन उभं ऱ्हायलंय व्हय?" तो माझ्याशीच बोलला. "आन खाली पेला कुणी ठिवला? ज्यानं ह्ये काढलं त्यानं जलमात मेंढरू बघितलं नसंल गड्या."

तेव्हाच मी केस फिस्कारून रेघ बिघडवायला हवी होती. पण चार वर्षांनी अंगाला रंग लागला होता, मी हुरळून गेलो. पांढऱ्यात जरासा पिवळा घेऊन मी जखमेवर लोकर चढवली, एकेक वळण सुटं. पेल्याच्या जागी हिरवंगार गवत काढलं. खरं सांगतो, इतकं सुरेख काम मी कधी केलं नव्हतं.

दुपार कलताना एस्तेरबाई आल्या.

"बरं केलं का न्हाई मावशी त्याला?" बिरदेवनं हसत विचारलं.

बाईंनी कोकराच्या छातीवर हात फिरवला. बोटं ओल्या रंगानं भरली.

"जखम कुठं हाय रं?"

"बुजिवली. लय दुखत आसंल त्याला."

बाई मटकन बाकावर बसल्या. "आरं बाबा, त्ये म्हंजे आमचा येशू हाय. आपल्या पापांसाठनं मारला गेला आन मरणातनं उठला. त्यो झेंडा मरणावर जितल्याचा. पेल्यातलं रगात आमी प्रभुभोजनाला आठवतो. जखम आसून उभं हाय, तीच तर समदी गोष्ट हाय त्येची." मग त्यांचा आवाज उतरला. "माजा ल्योक जयराज गेला तवापास्नं मी रोज हितं यिऊन त्या जखमंकडं बघते. वाटायचं, ह्येला ठावं हाय. आता ह्या गुटगुटीत मेंढराला मी काय सांगू?"

बिरदेवचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यानं टर्पेंटाइनचा बोळा घेऊन छाती पुसायला घेतली. नवा पांढरा निघाला, त्याच्याबरोबर खालचा जुना रंगही निघाला आणि नागडं लाकूड दिसायला लागलं. घाबरून त्यानं जोरानं पुसलं, तसं आणखीच खरवडलं.

"मावशी, चुकलं. मला वाटलं, मी त्येला बरं करतोय."

त्याचं चुकलं ते मायेपोटी. माझी तेवढीही सबब नाही. मी नुसता मिरवत होतो.

"पुन्यांदा काढ," बाई म्हणाल्या.

बिरदेवनं मला तांबड्यात बुडवलं. हात छातीपर्यंत गेला आणि थांबला. पुन्हा नेला, पुन्हा थांबला.

"मावशी, माज्या हातनं कोकराला जखम हुईना."

बाई उठल्या. त्यांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं, खुरपं धरावं तसं मुठीत धरलं.

"आपुन समद्यांनीच केलीया रं ती," त्या म्हणाल्या आणि मला कोकराच्या छातीवर टेकवलं.

रेघ वाकडी गेली, जाड झाली, तांबडा ओघळ गवतापर्यंत उतरला. बिरदेवनं दुसऱ्या ब्रशानं त्याखाली पेला काढून दिला. ईस्टरला आलेले लोक म्हणाले, जखम लई ओबडधोबड झालीय. बाई नेहमीच्या बाकावर बसून बघत राहिल्या.

मी आता चर्चच्या खिडकीत पडून आहे. तांबडा रंग सुकून माझे केस दगड झालेत. बिरदेव मला न्यायला येईल, नाहीतर तुमच्यापैकी कुणी मला साफ करायला उचलेल. कृपा करून तसं करू नका. माझ्या सफाईनं एका आईचं दुःख ऐकणारा जवळजवळ पुसून टाकला होता. आता हा तांबडा माझ्या अंगावरच राहू द्या.